परदेशातील मुक्काम आणि नदीकाठची पायवाट

मुलांकडे अमेरिकेत सहा महिने राहून परतलेले अनेक ज्येष्ठ माझ्या दवाखान्यात तपासणीसाठी येतात. पुष्कळांचे वजन वाढलेले असते, रक्तातील साखर चढलेली असते, गुडघे आखडलेले असतात. एका सेवानिवृत्त शिक्षिकाबाई म्हणाल्या होत्या, “डॉक्टर, मुले कामावर जातात, गाडी आपल्याला चालवता येत नाही. मग खिडकीत बसून रस्ता पाहायचा, एवढेच.” त्यांना औषधापेक्षा चालण्याच्या जागेची अधिक गरज होती आणि अशी जागा बहुधा घरापासून फार दूर नसते.

मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या न्यू जर्सीचेच उदाहरण घेऊ. तेथे ‘डेलावेअर अँड रॅरिटन कॅनॉल स्टेट पार्क’ हे सुमारे 110 किलोमीटर लांबीचे राज्य उद्यान आहे. हा कालवा 1834 मध्ये वाहतुकीस खुला झाला. कोळशाने भरलेल्या नौका काठावरून चालणारी खेचरे दोराने ओढत असत. 1932 नंतर ही वाहतूक थांबली आणि 1974 मध्ये येथे उद्यान झाले. खेचरांची ती वाट आज पादचाऱ्यांची झाली आहे. एका बाजूस कालव्याचे संथ पाणी आणि झाडांपलीकडे कुठे मिलस्टोन, तर कुठे डेलावेअर नदी. 1776 च्या नाताळच्या रात्री जॉर्ज वॉशिंग्टन सैन्यासह डेलावेअर ओलांडून जेथे उतरले, ते स्थळही याच वाटेवर आहे.

या वाटेचा वैद्यकीय गुण असा, की ती पाण्याच्या कडेने जात असल्यामुळे जवळजवळ सपाट आहे. बारीक खडी दाबून केलेला तिचा पृष्ठभाग काँक्रीटइतका कठीण नाही. चढ-उतार नसले की झिजलेल्या गुडघ्यांवरील ताण कमी राहतो आणि दम लागण्याचे भयही घटते. आरंभी दहा मिनिटे जावे आणि दहा मिनिटांत परतावे. चालताना बोलता आले पाहिजे. वाक्य तुटू लागले, तर वेग कमी करावा. जेवढे अंतर जाल तेवढेच परत यायचे आहे, हे विसरू नये. छातीत दडपण, घाम किंवा घेरी जाणवल्यास तत्काळ थांबून 911 या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

मधुमेहींनी उपाशीपोटी निघू नये. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. हात थरथरले, घाम फुटला, तर तीन चमचे साखर खाऊन बसावे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी उन्हाळ्यात पाण्याची बाटली सोबत न्यावी. तिकडे वाटेच्या उजव्या बाजूने चालण्याचा प्रघात आहे. मागून सायकलची घंटा ऐकू आली, तर दचकून वळू नये. आपल्या सरळ रेषेतच चालत राहावे.

एका गोष्टीची मात्र विशेष जाणीव असावी. तेथील गवतात व झुडपांत हरणांवर जगणारी गोचीड असते आणि तिच्या चाव्यातून ‘लाइम’ नावाचा आजार होऊ शकतो. तिचे पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढे असते आणि चावा दुखत नाही. म्हणून वाटेच्या मधोमध चालावे, फिकट रंगाचे कपडे घालावेत, पायजमा किंवा सलवार मोज्यांत खोचावी. साडी नेसणाऱ्या भगिनींनी त्या दिवशी सलवार घातलेली बरी. घरी परतल्यावर स्नान करून गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, कानामागे नीट पाहावे. नजर अधू असल्यास सुनेची वा मुलीची मदत घेण्यात संकोच कसला? गोचीड दिसल्यास टोकदार चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी. तिच्यावर रॉकेल, तेल किंवा चटका यांचे प्रयोग करू नयेत. साधारणपणे 24 तासांच्या आत काढली, तर संसर्गाचा संभव फार कमी असतो. पुढील महिनाभरात ताप आला किंवा पसरत जाणारा लाल चट्टा दिसला, तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचे आवर्जून सांगावे. भारतात परतल्यानंतर असे झाले, तरीही हे सांगणे चुकवू नये.

मुलांनाही एक विनंती. आठवड्यातील एक सकाळ आईवडिलांसाठी राखून ठेवा. पहिल्या काही वेळा त्यांच्यासोबत चाला, स्वच्छतागृह आणि बसण्याची जागा दाखवा, घरचा पत्ता व औषधांची यादी लिहिलेले कार्ड त्यांच्या खिशात ठेवा. वाट ओळखीची झाली, की समवयस्कांची सोबतही हळूहळू जुळते.

आणि ज्येष्ठहो, “मुलांना त्रास नको” म्हणून गप्प बसू नका. या वेळी सामान भरताना लोणच्याच्या बरणीआधी चालण्याचे बूट ठेवा आणि पोहोचल्याच्या पहिल्याच आठवड्यात विचारा, “इथे जवळपास नदीकाठ कुठे आहे?”