एका रुपयात पाचशे स्फोट

वैतरणेचा पूल मागे पडला, मनोरकडचा रस्ता मोकळा मिळाला आणि मोटारसायकलचा काटा ८० वर स्थिरावला, की मागच्या सीटवर बसलेल्या माणसाला हिशेबाचा नाद लागतो. हे पुढे, मी मागे, दोन्ही बाजूंना बॅगा आणि समोर पाच हजार किलोमीटरांचा बेत. मुंबईहून निघून पालघर, बोईसर, तारापूर करत गुजरातेत शिरायचं, राजस्थान ओलांडायचं, लडाख गाठायचं आणि परत फिरायचं.

पाच हजार म्हणजे मुंबई-पुणे ३३ वेळा. अर्जेंटिनाच्या एमिलियो स्कोतोने १९८५ ते १९९५ या काळात मोटारसायकलवरून ७,३५,००० किलोमीटर कापले. म्हणजे मुंबई-पुणे ४,९०० वेळा! चंद्रावर जाऊन परत यायला ७ लाख ६९ हजार लागतात. थोडक्यात राहिलं.

पण खरी गंमत रस्त्यावर नाही, पायांखालच्या इंजिनात आहे. चला, आत डोकावू.

आमची साडेतीनशे सीसीची क्लासिक. एक सिलिंडर, एक पिस्टन. ताशी ८० ला हे इंजिन मिनिटाला साधारण ४,००० फेरे मारतं असं धरू. या वेगात एक किलोमीटर ४५ सेकंदांत सरतो, म्हणजे किलोमीटरला ३,००० फेरे. फोर-स्ट्रोक इंजिनात दर दुसऱ्या फेऱ्याला ठिणगी पडते आणि पेट्रोल भडकतं. म्हणजे १,५०० स्फोट, एका किलोमीटरात! सेकंदाला तेहतीस! दिवाळीत दहा हजारांची माळ लागली की अख्खी गल्ली कानांवर हात ठेवते. ती माळ आम्ही सात किलोमीटरांच्या आत संपवतो. पूर्ण प्रवासात ७५ लाख स्फोट, म्हणजे अशा ७५० माळा. आणि तेवढं करूनही माझ्या हातातल्या बाटलीतलं पाणी हिंदकळत नाही!

पैशांत बघा. गाडी लिटरला ३५ किलोमीटर जाते, म्हणजे एका लिटरमध्ये साडेबावन्न हजार स्फोट. लिटरला शंभरावर तीन-चार रुपये मोजा, तरी एका रुपयाला पाचशे स्फोट पडतात. बाजारात एका रुपयाला आज दुसरं काय पाचशे नग मिळतं?

आता तो पिस्टन. त्याची धाव जेमतेम साडेआठ सेंटिमीटरची, वर आणि खाली. पण किलोमीटरमागे ३,००० फेरे म्हणजे त्याची स्वतःची चाल अर्ध्या किलोमीटरहून जास्त होते. आम्ही मुंबईहून पुण्याला पोचू तोवर तो सिलिंडरच्या आतल्या आत खोपोली गाठतो. शिवाय प्रत्येक टोकाला तो क्षणभर पूर्ण थांबतो आणि उलट फिरतो. किलोमीटरला ६,००० वेळा थांबणं! पाच हजार किलोमीटरांत तीन कोटी वेळा! एवढं सोसून धातूचा तो तुकडा तुटत नाही, याचं मला दर वेळी नव्याने अप्रूप वाटतं.

आणि श्वास? एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे ११ किलो हवा लागते. ती मावायला पाण्याचा जवळजवळ एक टँकर हवा. प्रवासाला १४३ लिटर पेट्रोल लागणार, म्हणजे दीड टनाहून जास्त हवा, गाडीच्या वजनाच्या आठपट. शेतातली पाच मीटर रुंदीची विहीर घ्या, दहा मीटर खोल. अशा सात विहिरी काठोकाठ हवेने भरा. एवढी हवा हे एक इंजिन पिऊन टाकतं.

मनोरला महामार्ग सोडला की पालघरच्या वाटेवर वाघोबा खिंड लागते. वळणावर गाडी कलली आणि मला टायर आठवले. गाडी, आम्ही दोघं आणि सामान मिळून साडेतीनशे किलोंच्या वर. टायरमधल्या हवेच्या दाबाने भागून पाहा: दोन्ही टायर मिळून जमिनीला टेकतात ते १६० चौरस सेंटिमीटरांच्या आसपास. पोस्टकार्डापेक्षा जरासं मोठं! दोन जिवांचा सगळा भार त्या एवढ्याशा रबरावर, आणि पुढचं चाक २४ लाख फेरे फिरणार. "अहो, जरा हळू," मी म्हटलं. ह्यांनी लगेच ऐकलं.

पालघर हा २०१४ च्या १ ऑगस्टला झालेला महाराष्ट्राचा ३६ वा जिल्हा, आणि पश्चिम रेल्वे त्याच्या मधोमध धावते. बोईसरजवळ एक लांबलचक मालगाडी जाताना दिसली आणि मला हिशेबातला हिशेब सापडला. पेट्रोल म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात गाडली गेलेली सूक्ष्म वनस्पती. जेफ्री ड्यूक्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने २००३ मध्ये गणित मांडलं, की एका लिटर पेट्रोलमागे तेवीस टनांच्या आसपास प्राचीन वनस्पती खर्ची पडल्या. एका लिटरमागे तेवीस टन! आमच्या तेरा लिटरच्या टाकीमागे तीनशे टन, म्हणजे मालगाडीचे पाच डबे. आणि पूर्ण प्रवासाला? सव्वातीन हजार टन. ५८ डब्यांची अख्खी मालगाडी! ती डोळ्यांसमोरून संपता संपत नव्हती, आणि ती सगळी आम्हा दोघांसाठी जळणार होती.

याच बोईसरला बुलेट ट्रेनचं स्टेशन होतंय. मुंबई-अहमदाबाद ५०८ किलोमीटर, वेग ताशी ३२०. आमच्या चौपट. त्यावर इतकंच, कारण पुढे तारापूर आहे.

तारापूरला १९६९ मध्ये भारतातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं. त्यातल्या दोन मोठ्या अणुभट्ट्या नंतरच्या. चौथी आधी आली, २००५ मध्ये, आणि तिसरी २००६ मध्ये. प्रत्येकी ५४० मेगावॅट, दोन्ही मिळून १,०८०. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. पुढचा प्रत्येक आकडा वाचताना ती माणसं मनात असू द्यावीत, असं मला वाटतं.

या दोन भट्ट्या पूर्ण क्षमतेने चालल्या तर सेकंदाला ३०० युनिट वीज. दोन मध्यमवर्गीय घरांचं महिन्याचं बिल, एका सेकंदात! वाचेपर्यंत झालंसुद्धा.

आता आमची गाडी या भट्ट्यांपुढे उभी करू. जीव तोडून पळाली तर वीस हॉर्सपॉवर, म्हणजे १५ किलोवॅट. १,०८० मेगावॅटची बरोबरी करायला अशा ७२,००० मोटारसायकली लागतील. त्या एकामागे एक, चाकाला चाक भिडवून लावा. रांग किती लांब होईल? १५० किलोमीटरहून जास्त. मुंबईपासून पुण्यापर्यंत! सगळ्या पूर्ण जोरात, दिवसरात्र. त्यांना तासाला पावणेपाच लाख लिटर पेट्रोल लागेल: बारा हजार लिटरचे चाळीस टँकर, दर तासाला, पाच कोटी रुपयांचे. आणि भट्ट्यांना तासाला युरेनियम लागतं साधारण वीस किलो. आमच्या दोन बॅगांत तेवढे कपडे होते! आमच्या अख्ख्या पाच हजार किलोमीटरांची उष्णता तिथल्या सात-आठ ग्रॅम युरेनियममध्ये बसते.

भट्ट्यांतल्या उष्णतेपैकी दोन तृतीयांशाहून अधिक वाटा वीज होतच नाही, समुद्राच्या पाण्याबरोबर निघून जातो. केंद्र किनाऱ्यावर आहे ते त्यासाठीच. तो वाटा मघाच्या एका विहिरीत सोडला, तर काठोकाठ भरलेली विहीर पंचवीस सेकंदांत उकळू लागेल.

मुक्काम चिंचणीला केला. सकाळी डहाणूच्या दिशेने निघालो तर वाटेत वाढवण. २०२४ च्या ऑगस्टमध्ये इथल्या बंदराची पायाभरणी झाली. खर्च ७६,२२० कोटी रुपये, म्हणजे आमच्यासारख्या पाच कोटी सहलींचं पेट्रोल. क्षमता ठरली आहे वर्षाला २ कोटी ३२ लाख वीसफुटी कंटेनरांची. दिवसाला साडेत्रेसष्ट हजार! एका दिवसाचे कंटेनर ओळीने ठेवले तर मुंबईहून पुणे, परत मुंबई आणि पुन्हा लोणावळ्यापर्यंत रांग. दुसऱ्या दिवशी तेवढीच दुसरी. इथले मच्छीमार या बंदराला वर्षानुवर्षं विरोध करत आले आहेत. इतक्या प्रचंड आकड्यासमोर एक होडी, एक जाळं यांचा हिशेब लागत नाही. तो लागला पाहिजे.

चारोटीला पंपावर टाकी भरली आणि सुट्टा एक रुपया परत आला. मी तो ह्यांना देईना. २०११ च्या मालिकेतल्या या एक रुपयाच्या नाण्याचं वजन ३.७९ ग्रॅम. आता आइन्स्टाइनचं सूत्र मुकाट्याने खरं मानू, की वस्तुमान हीच ऊर्जा आहे. तारापूरच्या त्या दोन भट्ट्या दिवसभर पूर्ण क्षमतेने चालल्या, तर अणूंच्या विभाजनात जगातून खरोखर नाहीसं होणारं वस्तुमान किती? सव्वातीन ग्रॅम. या नाण्याहूनही कमी! अडीच कोटी युनिट वीज, आणि वर समुद्राला दिलेली सगळी उष्णता, नाण्याएवढ्या वस्तूच्या बदल्यात!

मग या नाण्याचंच पूर्ण रूपांतर झालं तर? हिशेब मी दोनदा केला, मग ह्यांच्याकडून करून घेतला. एक कोटी लिटर पेट्रोलची ऊर्जा निघते. अधिक सहा लाख. लिटरला ३५ किलोमीटर धरून ३७ कोटी किलोमीटर. ताशी ८० ने, कुठे चहालाही न थांबता, ५३२ वर्षं. सूर्य पंधरा कोटी किलोमीटरांवर आहे. तिथपर्यंत जायचं, वळसा घालायचा, परत चारोटीला यायचं, आणि तरीही सात कोटी किलोमीटरांचं पेट्रोल शिल्लक. मंगळ पृथ्वीच्या जवळात जवळ येतो तेव्हा साडेपाच कोटींवर असतो. म्हणजे तिथेही जाता येईल!