पंचगंगेकाठचा पोसायडन

कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात नातवाला घेऊन गेले होते. वय वर्षं सात. हत्यारं पाहून झाल्यावर तो पाय ओढायला लागला होता. मग एका काचेआड, तळहातावर उभा राहील एवढा एक कांस्याचा दाढीवाला पुरुष त्याला दिसला आणि तो थबकला. मूर्तीचा एक हात वर, जणू काहीतरी धरलेला. पण हातात काहीच नाही.

"हा पोसायडन. ग्रीक लोकांचा समुद्राचा देव. हातात त्रिशूळ होता, तो हरवला."

त्यानं जरा विचार केला. "पण आज्जी, समुद्र तर कोकणात. मग हा इथं कसा आला?"

शाळेत गोष्टी सांगण्यात माझी हयात गेली. ग्रीक पुराणकथा लहान मुलांना कशा सांगाव्यात, कुठून सुरुवात करावी, असं आईबाप मला विचारतात. माझं उत्तर नातवाच्या त्या प्रश्नात आहे. कोल्हापुरात तरी या कथा परदेशातून मागवाव्या लागत नाहीत. त्या फार पूर्वीच येऊन राहिल्या आहेत. मुलाचं बोट धरून त्यांचा माग काढत जायचं.

देव घाट चढून आला

हा पोसायडन सापडला ब्रह्मपुरीच्या टेकाडात, पंचगंगेच्या काठी, १९४४ च्या सुमारास. त्याच्यासोबत कांस्याची भांडी, आरसे, हत्तीवर बसलेले स्वार असा मोठा ठेवा मिळाला. पाठोपाठ १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथं शास्त्रशुद्ध उत्खनन केलं आणि सातवाहन काळातली विटांची घरं उजेडात आली. दोन हजार वर्षांपूर्वी इथं नांदतं गाव होतं, आणि त्याचे हात भूमध्य समुद्रापर्यंत पोचलेले होते.

मुलाला हे सांगताना मी सनावळीपासून सुरुवात करत नाही. गलबतापासून करते. मोसमी वाऱ्यावर शिडं फुगवून तांबड्या समुद्रातून निघालेलं गलबत, कोकणातलं बंदर, तिथून बैलांच्या पाठीवर लादलेला माल आणि समोर उभा सह्याद्री. अशाच एखाद्या तांड्याबरोबर हा देव घाट चढून आला असावा. समुद्रावर जाणाऱ्या माणसानं समुद्राचा देव जवळ बाळगावा, हे मुलाला लगेच पटतं. कोकणातले कोळी नारळी पौर्णिमेला नारळ का वाहतात, ते त्याला ठाऊक असतं.

आणि देव आला तशी माणसंही आली. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर 'यवन', म्हणजे ग्रीक, दात्यांची नावं कोरलेली आहेत. जुन्नरला आणि नाशिकच्या लेण्यांतही यवनांनी दान दिल्याचे लेख आहेत. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमी या ग्रीक भूगोलकारानं बालेओकूरोस नावाच्या राजाची नोंद केली आहे. कोल्हापुरात धनुष्यबाणाचं चित्र असलेली नाणी मिळतात, त्यांवरचा विळिवायकुर तोच असावा, असं अभ्यासक मानतात. ग्रीक कानांनी ऐकलेलं आपल्याकडचं नाव! मुलं ते चारदा मोठ्यानं म्हणून बघतात.

ही वाट दुहेरी होती, हेही सांगावं. विदिशेजवळ हेलिओडोरस या यवन राजदूतानं वासुदेवासाठी गरुडस्तंभ उभारला. आणि इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्या जातीच्या मूर्ती मराठवाड्यात तेर आणि भोकरदन इथं मिळाल्या आहेत. आपल्याकडची एक बाहुली तिकडं गेली, तिकडचा एक देव इकडं आला. सात वर्षांच्या मुलाला यापेक्षा जास्त इतिहास लागत नाही.

मराठीतली पहिली परकी गोष्ट

मराठी मुलांच्या छापील गोष्टींची सुरुवातच मुळी एका ग्रीक नावानं झाली. तंजावरच्या सरफोजीराजांच्या छापखान्यातून १८०६ मध्ये 'बालबोधमुक्तावली' निघाली. ती इसापच्या कथांचं सख्खन पंडितांनी केलेलं मराठी रूप होती. पुढं १८२८ मध्ये सदाशिव काशिनाथ छत्रे यांची 'इसापनीतिकथा' आली आणि कोल्हा, कावळा, करकोचा असे आपले झाले की ते ग्रीसचे आहेत हेच आपण विसरलो. इसाप आपल्या अंगणात आला. होमर मात्र उंबऱ्याबाहेर राहिला. मोठ्यांसाठी पु. ल. देशपांड्यांनी सोफोक्लीसचा 'राजा ओयदिपौस' मराठीत आणला. मुलांपर्यंत ऑलिंपसचे देव आले ते बहुतेक इंग्रजी पुस्तकांतून आणि पडद्यावरून.

आज दहा-बारा वर्षांची मुलं रिक रायर्डनचा पर्सी जॅक्सन वाचतात. २००५ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेतला पर्सी हा पोसायडनचाच मुलगा. आपल्याच गावात पर्सीचा बाप दोन हजार वर्षं मुक्कामाला आहे, हे ती वाचणाऱ्या किती मुलांना माहीत असतं? ते सांगणं आपलं काम आहे.

कुठली गोष्ट कधी

चार ते सहा वर्षांच्या मुलांना एका गोष्टीत एकच नवल पुरतं. हात लावील ते सोनं होणारा मिडास राजा, मेणाचे पंख लावून सूर्याकडं झेपावलेला इकारस. पँडोराची गोष्टही याच वयात सांगता येते, पण 'पेटी' म्हणू नये. मूळ ग्रीक शब्द मोठ्या मडक्याचा आहे. सोळाव्या शतकात इरॅस्मसच्या लॅटिन भाषांतरात त्याची पेटी झाली. आपल्याकडं 'रांजण' हा शब्द तयार आहे. रांजणाचं झाकण उघडलं, सगळी दुखणी बाहेर पडली आणि तळाशी आशा राहिली, असं सांगितलं की मुलं घरातल्या माठात डोकावून येतात.

सात ते नऊ हे वय ओडिसियसचं. एकडोळ्या पॉलिफिमसच्या गुहेत अडकलेला हा चतुर माणूस आपलं नाव 'कुणीच नाही' असं सांगतो. राक्षसाचा डोळा फुटतो, शेजारचे राक्षस विचारतात, "तुला कोण मारतंय?" आणि तो ओरडतो, "कुणीच नाही!" मराठीत या युक्तीला जराही धक्का लागत नाही. वर्ग खिदळून उठतो. मग सांगायचं की पॉलिफिमस हा पोसायडनचा मुलगा आणि म्हणून समुद्रानं ओडिसियसला वर्षानुवर्षं घरी पोचू दिलं नाही. ज्या मुलांनी पंचगंगेचा महापूर पाहिलाय, त्यांना पाण्याचा राग समजावून सांगावा लागत नाही. पोसायडन भूकंपाचाही देव. ते सांगताना मला ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेची पहाट आठवते. माणसं या भयाला नाव देतात, चेहरा देतात, त्याच्याशी बोलू पाहतात. पुराणकथा म्हणजे काय, हे मुलाला इथं व्याख्येशिवाय कळतं.

पर्सेफनीची गोष्ट मी हादग्याच्या दिवसांत सांगते. पाताळाच्या राजानं पळवून नेलेली लेक, तिच्या शोधात रानोमाळ फिरणारी धान्याची देवी डिमीटर, आणि डाळिंबाचे दाणे खाल्ल्यामुळं वर्षाचे काही महिने तिकडंच राहण्याचं लेकीवर पडलेलं बंधन. लेक घरी नसते तेव्हा आई जमिनीतून काही उगवू देत नाही. सासर-माहेरची गाणी म्हणत फेर धरणाऱ्या पोरींना यात परकं काय वाटावं?

दहाच्या पुढं फेथॉन. आपण सूर्याचेच पुत्र आहोत हे जगाला दाखवायला तो बापाचा रथ मागतो आणि जळून मरतो. इथं मुलं आपणहून कर्णाचं नाव काढतात. कोल्हापुरात शिक्षक असलेल्या शिवाजी सावंतांनी १९६७ मध्ये 'मृत्युंजय' दिली; त्या गावच्या मुलांना सूर्यपुत्राची जखम ओळखीची आहे. पण तुलना करताना घाई नको. फेथॉन म्हणजे कर्ण नव्हे, झ्यूस म्हणजे इंद्र नव्हे. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवाव्यात आणि गप्प बसावं. कुणाचे देव थोर हा प्रश्न मुलांना पडत नाही, तो मोठ्यांनी शिकवू नये.

काय वगळावं

"क्रोनस आपलीच मुलं गिळतो, हे कसं सांगायचं?" अशी काळजी आया बोलून दाखवतात. कंसानं देवकीची बाळं मारली, हे आपण पाळण्यातल्या मुलांना सांगतोच. आमची पोरं कोल्हासुराची गोष्ट ऐकत वाढतात आणि ललितापंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर कोहळा फुटताना बघतात. भय गोष्टीत असतं तेव्हा त्याला शेवटही असतो. मूल त्या शेवटाला धरून झोपी जातं.

वगळायचं ते बळजबरीचं. झ्यूसचे आणि पोसायडनचेही असे किस्से आहेत. मेड्यूसेवर पोसायडननं केलेला अत्याचार ओव्हिडनं सांगितलाय. ते कळत्या वयापर्यंत थांबावं. मात्र तेव्हा लपवू नये, कारण देवही अन्याय करतो हे या कथांनीच उघड सांगितलंय. आणि दुःख तर पुसूच नये. मिडासची लाडकी लेक सोन्याची होते, हा प्रसंग जुन्या कथेत नाही. एकोणिसाव्या शतकात नॅथॅनिएल हॉथॉर्ननं मुलांसाठी लिहिताना तो घातला. मुलांसाठी म्हणून त्यानं दुःख वाढवलं, आणि आज जगाला तीच गोष्ट आठवते.

आणि शेवटी चिखल

गोष्ट सांगावी, वाचून दाखवू नये. आपल्या बोलीत सांगावी, नावं मात्र त्यांची ठेवावीत. आणि मुलांच्या हातांना काम द्यावं. दिवाळीत किल्ला झाला की माती उरतेच. गेल्या वर्षी आम्ही त्या मातीचा मिनोटॉरचा भुलभुलैया केला, थीसियसचा दोरा म्हणून आकाशकंदिलाचा उरलेला दोरा आत सोडला. गल्लीतल्या चार पोरांनी तो दोरा धरून बोटांनी वाट काढली.

ओडिसियसची गोष्ट संपली त्या रात्री नातवानं विचारलं, "त्याची वाट बघत कोण होतं?" मी पेनेलोपी सांगितली, मुलगा टेलिमाकस सांगितला आणि म्हातारा कुत्रा अर्गोस सांगितला. वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेषात आलेल्या धन्याला त्यानं ओळखलं, शेपूट हलवलं आणि प्राण सोडला. पोरगा रडला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, मला परत टाउन हॉलला जायचंय.

काचेपुढं तो बराच वेळ उभा होता. मला वाटलं, या देवावर आता तो रागावला असेल. पण तो त्या रिकाम्या हाताकडं बघत होता. "आज्जी," तो म्हणाला, "हा पण घरी गेलाच नाही की."

त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी त्याचा हात धरला आणि आम्ही चालत पंचगंगेच्या घाटावर गेलो. पाणी वाहत होतं. ते पुढं कुठं कुठं जातं, असं त्यानं विचारलं. कृष्णेला मिळतं आणि मग समुद्राला, मी सांगितलं.