दुकानापर्यंतचे दोन किलोमीटर

परळी वैजनाथ येथील बाजारपेठ, मोंढा, रेल्वे स्थानक आणि वैद्यनाथ मंदिर यांमधील अंतरे फार मोठी नाहीत. एका पिढीपूर्वी ही अंतरे सायकलवरच कापली जात. आज व्यापारी घराच्या दारात स्कूटर सुरू करतो आणि दुकानाच्या पायरीशी उतरतो. त्यानंतर रात्री हिशेब मिटेपर्यंत गादी सुटत नाही. व्यवसाय वाढला, सोयी वाढल्या. शरीराची हालचाल मात्र जवळजवळ संपली.

तिचे परिणाम आता घरोघरी दिसतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, तर ३५ टक्क्यांहून अधिक प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. बैठे काम हे या विकारांचे एक प्रमुख कारण मानले जाते.

सायकल येथे नेमके काय साधते? पायडल मारताना मांड्यांचे व पोटऱ्यांचे मोठे स्नायू सतत काम करतात. काम करणारा स्नायू रक्तातील साखर इन्शुलिनवर फारसे अवलंबून न राहता ओढून घेतो. नियमित सरावाने हृदयाची क्षमता वाढते आणि रक्तदाब काहीसा उतरतो. शरीराचा बराचसा भार सीटवर असल्याने गुडघ्यांवर चालण्यापेक्षा कमी ताण येतो. ब्रिटनमधील सुमारे २ लाख ६३ हजार लोकांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये अकाली मृत्यूचा धोका वाहनाने जाणाऱ्यांपेक्षा ४१ टक्के कमी आढळला. अशा अभ्यासातून केवळ संबंध दिसतो, कारण पूर्णपणे सिद्ध होत नाही. तरीही धूम्रपान, आहार इत्यादी बाबी विचारात घेऊनच हा निष्कर्ष काढलेला आहे.

व्यापाऱ्याची नेहमीची अडचण वेळेची असते. तिचा हिशेब मांडून पाहावा. दुकान घरापासून २ किलोमीटरवर असेल आणि दुपारच्या जेवणासाठी घरी येणे होत असेल, तर दिवसाच्या चार फेऱ्यांचे ८ किलोमीटर होतात. ताशी १२ किलोमीटरच्या संथ गतीने त्यास ४० मिनिटे लागतात. आठवड्याच्या सहा दिवसांत ४ तास. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला आहे. म्हणजे स्कूटरपेक्षा प्रत्येक फेरीत जी थोडी मिनिटे अधिक जातील, तेवढ्यात संपूर्ण व्यायाम पदरी पडतो.

परळीत आणखी एक शंका स्वाभाविक आहे. औष्णिक विद्युत केंद्राची राख आणि ती वाहून नेणारी वाहने यांमुळे हवेत धूळ असते. अशा हवेत दमछाक करावी काय? केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये हाच प्रश्न गणिताने सोडवला. दिल्लीसारख्या अतिप्रदूषित शहरातही आठवड्याला पाच तासांपर्यंतच्या सायकलिंगचा लाभ प्रदूषणाच्या हानीपेक्षा अधिक ठरतो, असे त्यांना आढळले. वर मांडलेले चार तास या मर्यादेच्या आत बसतात. तथापि, राखेच्या गाड्यांचा मुख्य रस्ता टाळून आतील गल्लीने जावे. दम्याच्या व हृदयविकाराच्या रुग्णांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

केवळ व्यक्तीच्या निश्चयावर मात्र सारे सोपविता येणार नाही. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाणारे पुणे आज दुचाक्यांनी भरले आहे. वेगवान वाहनांमध्ये सायकलस्वार असुरक्षित झाला की तो रस्ता सोडतो आणि त्याच्याबरोबर शाळकरी मुलांची सायकलही सुटते. म्हणून राखेच्या वाहनांवर ताडपत्री, बाजारपेठेत वेगमर्यादा आणि सायकल लावण्यास जागा यांसाठी व्यापारी संघटनांनी नगरपरिषदेकडे आग्रह धरणे योग्य ठरेल. ग्राहकाला दुकानासमोर सायकल निर्धास्त उभी करता आली, तर त्यात दुकानदाराचाही लाभ आहे.

प्रारंभ लहानच असावा. घरातील जुन्या सायकलीची हवा, ब्रेक आणि घंटी तपासून घ्यावी. सीट अशी बसवावी की पायडल खाली असताना गुडघा किंचितच वाकेल. रात्री परतण्यासाठी मागे लाल दिवा हवाच. पहिले पंधरा दिवस केवळ सकाळची फेरी सायकलने करावी. तरुण पुत्र वडिलांना सायकलवर दुकानात येताना पाहील, तेव्हा सायकल हे गरिबीचे लक्षण आहे ही समजूत त्या घरातून आपोआप निघून जाईल.