सख्खे शेजारी, पक्के वैरी... पण भेटणार कुठे?

ऑफिसमध्ये दोन टीम्सची एक मीटिंग ठरवायची म्हटली तरी किती वैताग होतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. कुणाला मंगळवार चालत नाही, कुणाचा क्लायंट रात्रीच जागा असतो, आणि सगळ्यांना चालणारी वेळ सापडलीच तर कॉन्फरन्स रूम रिकामी नसते. आता कल्पना करा, टीम्स बारा आहेत. प्रत्येक टीमला प्रत्येकीला दोनदा भेटायचंय. म्हणजे 132 मीटिंग्ज! त्याही रोज रात्री, प्राइम टाइमला, टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर. प्रो कबड्डी लीगचं वेळापत्रक बनवणाऱ्यांच्या डोक्याला असाच ताप असतो.

पण हा ताप फक्त त्यांचा नाही. तो आपलाही आहे. कारण या सगळ्या मॅचेसमधल्या फक्त मोजक्याच मॅचेस अशा असतात, ज्यांच्यासाठी आपण बॉसला खोटं सांगून लवकर निघतो. यू मुंबा विरुद्ध पुणेरी पलटण. आपली महाराष्ट्र डर्बी!

माझं आजोळ थळचं. अलिबागच्या उत्तरेला पाच-सहा किलोमीटरवर, एका बाजूला आरसीएफचा खत कारखाना आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. या किनाऱ्यावरच्या तरुणांचं मोठं अवघड असतं. मुंबई दिसते समुद्रापलीकडे, पुणं लागतं घाट चढून गेल्यावर, आणि नोकरी दोन्हीकडे. माझा थोरला मामेभाऊ अंधेरीत नोकरी करतो, धाकटा हिंजवडीत. थोरल्याचा डीपी केशरी, धाकट्याचा विचारूच नका. डर्बीच्या रात्री आमच्या फॅमिली ग्रुपवर मामी शेवटी वैतागून टाइप करते, ‘‘आता जेवून घ्या रे दोघं!’’ एकाच घरात दोन टीम्स, हेच या मॅचचं खरं सौंदर्य आहे. आणि लीग मोठी होता होता नेमकं तेच पणाला लागलंय.

आठ होते तेव्हा

26 जुलै 2014. प्रो कबड्डीची पहिली मॅच मुंबईत वरळीच्या एनएससीआयमध्ये झाली, यू मुंबा विरुद्ध जयपूर पिंक पँथर्स. तेव्हा टीम होत्या आठ. हिशेब सोपा: प्रत्येकाशी दोनदा, म्हणजे एकेका टीमच्या 14 मॅचेस. लीगच्या 56, वरच्या 4, एकूण 60. सगळा काफिला एका शहरात मुक्काम टाकायचा, यजमान टीम घरच्या प्रेक्षकांसमोर रोज रात्री खेळायची आणि मग सामानसुमान बांधून पुढचं शहर. थेट जत्रेसारखं!

तेव्हा डर्बी एकतर्फी वाटायची, हेही खरं. मुंबा पहिल्या तिन्ही सीझनच्या फायनलमध्ये पोहोचली आणि 2015 साली जिंकलीसुद्धा. पुणेरी पलटण पहिल्या दोन सीझनमध्ये बाद फेरीपर्यंतही गेली नाही. पण शेजाऱ्याकडून हरणं आणि परक्याकडून हरणं यात फरक असतो. तो हिंजवडीवाल्यांना पहिल्या वर्षीच कळला!

बारा झाले आणि...

2017 साली चार नव्या टीम आल्या: गुजरात, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूच्या. सहा-सहाचे दोन झोन झाले. आपल्या झोनमधल्या पाच टीम्सशी तीनदा, पलीकडच्या सहा जणांशी एकदा आणि वर एक वाइल्ड कार्ड मॅच. झाल्या 22. पूर्ण सीझन 138 मॅचेसचा, 28 जुलै ते 28 ऑक्टोबर, तब्बल तीन महिने. टीव्हीवाले खूश, पण खेळाडूंच्या गुडघ्यांचं काय झालं असेल?

डर्बीच्या दृष्टीने मात्र ही चैन होती. मुंबई आणि पुणं एकाच झोनमध्ये, त्यामुळे लीगमध्ये तीनदा भेट ठरलेली. गंमत वेगळीकडेच होती. ‘होम’ या शब्दाचा अर्थच पातळ व्हायला लागला. त्या वर्षी बेंगळुरू बुल्सने आपल्या ‘घरच्या’ मॅचेस खेळल्या नागपूरला आणि पाटणा पायरेट्सने रांचीला. 2018 ची पहिली महाराष्ट्र डर्बी तर 7 ऑक्टोबरला सीझनच्या पहिल्याच रात्री झाली, तीही चेन्नईत. 32-32 अशी बरोबरी! इतकी थरारक मॅच, आणि स्टेडियममध्ये बहुतेक लोक कशासाठी आलेले? तमिळ थलायवाजसाठी!

2019 मध्ये झोन गेले, पुन्हा प्रत्येकाशी दोनदा. 2021-22 चा सीझन करोनामुळे बेंगळुरूतल्या एका हॉटेलात, प्रेक्षकांविना. मग 2022 मध्ये तीन शहरं, 2023-24 मध्ये पुन्हा बारा, 2024 च्या शेवटी तीन. आणि 2025 च्या बाराव्या सीझनमध्ये विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली. या यादीत मुंबई नाही आणि पुणंही नाही! वर मॅचेस 22 वरून 18 वर आल्या. समोर अकरा टीम आणि मॅचेस अठरा, म्हणजे सगळ्यांशी दोनदा भेट होणार नाही, हे गणित कॅल्क्युलेटरशिवाय कळतं.

फायनल घरात, यजमान बाहेर

पुणेरी पलटणची गोष्ट तर सिनेमात शोभावी अशी. त्यांची पहिली फायनल डिसेंबर 2022 मध्ये, कुठे? मुंबईत! समोर मुंबा नाही, जयपूर. 29-33 ने हरले. 1 मार्च 2024 ला अस्लम इनामदारच्या टीमने हरियाणा स्टीलर्सला 28-25 हरवून अखेर करंडक उचलला, पण हैदराबादेत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बालेवाडीला फायनल मिळाली तेव्हा मॅटवर होते हरियाणा आणि पाटणा. आणि 31 ऑक्टोबर 2025 ला पलटण पुन्हा फायनलमध्ये गेली तेव्हा मॅच दिल्लीत, समोर दबंग दिल्ली. यजमान 31-28 ने जिंकले. तीन फायनल्स, तीन शहरं, पुणं एकदाही नाही!

थळहून बघितलं तर वेळापत्रक म्हणजे नुसत्या तारखा नसतात, ती एक वाट असते. वरळीत मॅच असेल तर मांडव्याला जायचं, बोट पकडायची, गेटवेला उतरून टॅक्सी करायची. पण मॅचेस रात्री 8 आणि 9 च्या. संपेपर्यंत परतीची बोट गेलेली, म्हणजे अंधेरीच्या भावाकडे मुक्काम आलाच. आणि जुलै-ऑगस्टचा सीझन असेल तर पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद. मार्च 2020 पासून भाऊच्या धक्क्याहून रो-रो सुरू झाली म्हणून बरं, नाहीतर वडखळच्या ट्रॅफिकमध्येच पहिला हाफ संपायचा. एवढी खटपट माणूस कुठल्याही मॅचसाठी करत नाही. डर्बीसाठी करतो. तीच मॅच विशाखापट्टणमला ठेवली की थळचा माणूस सोफ्यावर बसतो, आणि एकदा सोफ्यावर बसला की हळूच चॅनेलही बदलतो!

समोरासमोर हवं

थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समुद्रात दोन बेटं दिसतात. खांदेरी आणि उंदेरी. 1679 साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला आणि मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली. लगेच पुढच्या वर्षी जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर आपली तटबंदी उभी केली. दोघांच्या तोफा एकमेकांवर. या जोडीचा इतिहास एवढा रंगला, कारण दोघं एकमेकांना रोज दिसत होते. यातला एक किल्ला विशाखापट्टणमला असता तर कोण कशाला भांडलं असतं?

वैराचंही तसंच आहे. त्याला समोरासमोर असावं लागतं. खेळाडू तर काय, लिलावात इकडून तिकडे जातात. मुंबाचा कॅप्टन असलेला इराणचा फजल अत्राचली 2022 मध्ये सरळ पुणेरी पलटणमध्ये गेला! पकड तीच, जर्सी वेगळी. बदलत नाहीत ते प्रेक्षक आणि मैदान. तेच काढून घेतलं तर उरतात दोन रंग आणि एक स्कोअरबोर्ड.

अमेरिकेतही तेच रडगाणं

हे दुखणं फक्त आपलं नाही बरं का. अमेरिकेत कॉलेज फुटबॉल म्हणजे धर्म. तिथे कॉलेजेसचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. टीव्हीच्या पैशांमागे हे गट फुगत गेले. ‘बिग टेन’ नावाच्या गटात 2024 पासून 18 कॉलेजेस आहेत (नाव मात्र टेनच!). गटातल्या मॅचेस फक्त नऊ, म्हणजे 17 जणांपैकी निम्म्यांशी गाठच पडत नाही. त्यातली काही कॉलेजेस न्यूजर्सीची, काही लॉस एंजेलिसची. घड्याळात तीन तासांचा फरक. ओक्लाहोमा गट बदलून निघून गेलं आणि शेजारच्या ओक्लाहोमा स्टेटशी शंभराहून अधिक वर्षं चाललेली मॅच 2023 नंतर थांबली. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम यांची 1894 पासूनची दुश्मनी 2011 नंतर अशीच बंद पडली होती. दोघं पुन्हा एका गटात आले तेव्हा, 2024 मध्ये, ती सुरू झाली. मधली बारा वर्षं वाया!

पण तिथे एक शहाणपण शिल्लक आहे. बिग टेनने गट कितीही वाढवला तरी मिशिगन-ओहायो स्टेट मॅच दरवर्षी होणारच, असं ठरवून टाकलं. आधी ती लिहायची, मग बाकीचं वेळापत्रक.

आपल्याकडे आयपीएलने हेच केलं. 2022 मध्ये दहा टीम झाल्या, मॅचेस 14 च राहिल्या. काहींशी दोनदा, काहींशी एकदाच. पण मुंबई-चेन्नई? गट वेगळे असूनही दोनदा! तिकडे कुणाला तरी बरोबर कळलेलं होतं.

मग करायचं काय?

टीव्हीला सीझन छोटा हवा, खेळाडूंना विश्रांती हवी, आणि बारा शहरांत मॅट, लाइट्स, कॅमेरे घेऊन फिरायचं म्हणजे खर्च प्रचंड. सगळं मान्य. सगळ्यांना सगळं देता येत नाही. पण एक मॅच वरळीत आणि एक बालेवाडीत, एवढं तरी पक्कं करता येईल की! गावातल्या स्पर्धांमध्येसुद्धा लॉट्स पाडताना आयोजक बघतात, कुठल्या दोन गावांची गाठ लागली तर मैदान भरेल ते. त्याला फॉरमॅट म्हणत नाहीत, व्यवहारज्ञान म्हणतात.

तोपर्यंत थळच्या आमच्या ग्रुपवर एक ठराव झालाय. ज्या वर्षी डर्बी वरळीला असेल त्या वर्षी हिंजवडीवाल्याने अंधेरीला मुक्कामी यायचं, आणि बालेवाडीला असेल तेव्हा उलट. हरेल त्याने सगळ्यांना वडे खिलवायचे. आता फक्त मॅच महाराष्ट्रात ठेवा बुवा. बाकीचं आम्ही बघून घेऊ!