बेसिनखालचें कपाट : थोड्या खर्चांत, घरच्या मापानें



आजचा विषय लहान आहे, परंतु घरांतील प्रत्येक माणसाचा दिवस त्याच्यापाशींच सुरू होतो. तोंड धुण्याचें बेसिन, त्याच्याभोवतींचा दगड आणि खालचें कपाट या तिहींस मिळून हल्लीं बाजारांत ‘व्हॅनिटी’ म्हणतात. या इंग्रजी शब्दाचा एक अर्थ पोकळ दिमाख असाहि आहे. आणि दुकानांत मांडलेले कांहीं नमुने पाहिले म्हणजे हें नांव अगदींच अस्थानीं नाहीं असें वाटूं लागतें.

मीं स्वतः असेंच एक तयार कपाट विकत घेतलें होतें. दिसावयास तें पांढरें शुभ्र व गुळगुळीत होतें. पहिला पावसाळा सरतां सरतां त्याचे पाय फुगले, दारें लागेनाशीं झालीं आणि दुसऱ्या पावसाळ्यांत तळाची फळी भिजलेल्या पावासारखी बोटानें निघूं लागली. कारण उघड होतें. तें कपाट लांकडाचा भुसा चिकटद्रव्यानें दाबून केलेल्या फळ्यांचें होतें. अशी फळी एकदां पाणी पिऊन फुगली कीं वाळल्यावरहि पूर्वस्थितीस येत नाहीं. ज्या देशांत स्नानगृहाची जमीन कोरडी असते, तेथें ती टिकते. आपलें न्हाणीघर म्हणजे मोरीचीच थोरली बहीण. तेथें बादल्यांनीं पाणी ओतलें जातें आणि रोज फरशी धुतली जाते.

दुसरी गोष्ट मला अधिक लागली. त्या बेसिनची कड जमिनीपासून ३३ इंच उंच होती आणि माझ्या आईची उंची ४ फूट ९ इंच. तोंड धुतांना पाणी तिच्या कोपरांवरून बाह्यांत उतरे. ती बोलली कांहीं नाहीं. पण गुडघे दुखत असतांहि पुन्हां मोरींत वांकून बादलीवर तोंड धुऊं लागली. नव्या वस्तूनें घरांतील वडील माणसाची सोय हिरावून घेतली होती.

म्हणून नवें कपाट करतांना प्रथम माप घेतलें तें भिंतीचें नव्हे, माणसांचें. सरळ उभें राहून कोपर दुमडावें, जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजावी आणि तींतून एक वीत, म्हणजे सुमारें ९ इंच, वजा करावे. ती बेसिनच्या कडेची सोयीची उंची. आईसाठीं ती २७ इंचांच्या आंत येत होती, माझ्यासाठीं ३२. आम्हीं २८ ठरविली. मला किंचित् वांकावें लागतें. परंतु वांकणें मला शक्य आहे, उंच होणें तिला शक्य नाहीं. मात्र बेसिन खालीं आणण्यापूर्वीं सांडपाण्याची नळी भिंतींत कोणत्या उंचीवर शिरते तें अवश्य पाहावें. बेसिनचें पाणी तिच्याकडे उतारानेंच गेलें पाहिजे.

आतां खर्चाकडे वळूं. सर्वांत आधीं दारें शोधावीं. मुंबईच्या चोरबाजारांत किंवा पाडलेल्या वाड्यांचें लांकूड विकणाऱ्यांकडे जुन्या खिडक्यांच्या सागवानी झिलमिल्या मिळतात. झिलमिलीच्या फटींतून वारा खेळतो, आंतली ओल सुकते, आणि सागवानांत मूळचेंच तेल असल्यामुळें तें पाण्यास सहसा दबत नाहीं. मला १८ इंच उंच व १२ इंच रुंद अशीं दोन दारें मिळालीं. मग कपाट दारांच्या मापाचें केलें : रुंदी २४ इंच, खोली १७, उंची १८. दारें नवीं करवून घेण्याचा खर्च वांचला.

बाकीच्या सांगाड्यास मरीन प्लायवुड वापरावें. त्याच्या फळीवर भारतीय मानकाचा ७१० हा क्रमांक छापलेला असतो, तो पाहून घ्यावा. दोन बाजू, तळ, अर्ध्या खोलीचा एक खण आणि भिंतीस टेकणाऱ्या दोन पट्ट्या मिळून सुमारें १० चौरस फूट लागतात. अखंड फळी ८ फूट लांब व ४ फूट रुंद, म्हणजे ३२ चौरस फुटांची असते. तेव्हां ती संपूर्ण घेण्याऐवजीं मोठ्या कामांतून उरलेले तुकडे मागावे. पाठ उघडीच ठेवावी. तेथें नळ्या येतात.

पाणी फळीच्या पृष्ठभागांतून फारसें शिरत नाहीं, तें मुख्यतः कापलेल्या कडांतून शिरतें. दिव्याच्या वातींत तेल चढावें तसें. यास्तव प्रत्येक कडेस, विशेषतः न दिसणाऱ्या खालच्या कडेस, तैलरंगाचे दोन तीन हात द्यावे. स्क्रू न गंजणाऱ्या पोलादाचे असावे. आणि कपाटास पाय नसावेत! तें जमिनीपासून ८ इंच अधर ठेवावें, म्हणजे फरशी मोकळेपणीं धुतां येते.

वरती कडप्पा घातला. १ इंच जाडीच्या अशा दगडाचें वजन २० किलोच्या आसपास भरतें, वर बेसिनचें वेगळें. म्हणून लोखंडी ब्रॅकेट पक्क्या विटांच्या भिंतींतच बसवावे आणि भार त्यांवर असावा, कपाटावर नव्हे. कडप्पा ही चुनखडीची जात असल्यामुळें तो आम्लानें खरवडला जातो. तेथें लिंबू वा फरशी धुण्याचें अ‍ॅसिड लावूं नये. दगड व भिंत यांमधील सांधा सिलिकोननें बुजवावा.

बेसिनखालच्या नळीस जें वळण असतें त्यांत थोडें पाणी नेहमीं थांबून राहतें आणि गटाराची दुर्गंधी वर येऊं देत नाहीं. तें वळण साफ करण्यास हात सहज पोंचेल इतकी जागा सोडावी. आमचा खण अर्ध्या खोलीचा ठेवला तो याचसाठीं.

सारांश, पैसा थोडा असेल तर तो पाणी जेथें पोंचतें तेथें खर्चावा : फळीची जात, तिच्या कडा, स्क्रू आणि सांधे. डोळ्यांस जें दिसतें तें जुनें चालतें. आमच्या कपाटाचीं दारें एकमेकांशीं रंगानें तंतोतंत जुळत नाहींत. परंतु सकाळीं आई तेथें ताठ उभी राहून तोंड धुते, आणि तिच्या बाह्या कोरड्या असतात.