नवी हार्ड डिस्क दिसेना?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होऊ घातलेल्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेत डेटाचा डोंगर साठणार आहे; लायगोचा मुख्य संकेत सेकंदाला 16,384 वेळा नोंदला जातो. हिंगोलीतल्या घरच्या कॉम्प्युटरला मात्र एक जादा हार्ड डिस्क पुरते. ती बसवली आणि दिसली नाही, की खराब निघाली असा पहिला संशय. बहुधा तसं नसतं.

कॉम्प्युटर सुरू होताना बायोस (हल्ली यूईएफआय) साटा केबलवरून डिस्कला तिचं मॉडेल आणि क्षमता विचारतो. बायोसच्या यादीत डिस्कचं नाव नसेल, तर आधी डेटाची आणि विजेची केबल तपासा. नाव आहे पण विंडोजमध्ये डिस्क नाही? मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन इनिशियलाइझ, पार्टिशन, फॉरमॅट, याच क्रमाने. जुनी, भरलेली डिस्क जोडली असेल तर यातल्या कशालाही ‘हो’ म्हणू नका. आतलं सगळं हाताबाहेर जाईल.

इनिशियलाइझ करताना पार्टिशनची नोंद ठेवण्याची पद्धत निवडावी लागते, एमबीआर किंवा जीपीटी. 1983 पासूनची एमबीआर साधारण 2 टेराबाइटपाशी थांबते, त्यापुढे जीपीटीच हवी. आणि 1 टेराबाइटची डिस्क 931 जीबीच दाखवते, यात दुकानदाराची लबाडी नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1,024 च्या.