चार पायऱ्या आणि अठ्ठावीस फूट

आपला वर्ग ज्या इमारतीत भरतो तिच्या पुढच्या दाराशी चार पायऱ्या आहेत. धावत चढणाऱ्या मुलांना त्या आहेत हेही ठाऊक नसेल. गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमाला आपल्या एका विद्यार्थिनीचे आजोबा व्हीलचेअरवर आले, तेव्हा मात्र त्या सगळ्यांना दिसल्या. आम्ही चार बाबा मंडळी बाह्या सरसावून पुढे झालो. "काका, एका मिनिटात उचलून आत नेतो," म्हणालो. काकांनी हात जोडले. "उचलायला मी काय कपाट आहे?" एवढेच म्हणाले आणि कार्यक्रम संपेपर्यंत गाडीत बसून राहिले. मोठ्या गटाला मोडी लिपी शिकवायचे त्यांनी कबूल केले होते. त्या दिवसानंतर ते आलेले नाहीत.

खरे सांगायचे तर तेव्हा आम्हाला थोडा रागच आला होता. एवढा काय हट्ट! पुढे याविषयी वाचू लागलो तेव्हा कळले की आजोबांचेच बरोबर होते. व्हीलचेअरचे हात आणि पाय ठेवायच्या पट्ट्या पुष्कळदा काढता-घालता येणाऱ्या असतात. घाईत उचलणारा नेमका तिथेच धरतो आणि ती पट्टी हातात येते. चौघांपैकी एकाचा पाय पायरीवरून घसरला तर खुर्चीतल्या माणसाला काहीच करता येत नाही. आणि दर वेळी आत जायला-यायला चार माणसे शोधायची, हे कोणाला आवडेल?

मग रॅम्प का नाही? सोपे वाटते, पण इथेच गणित सुरू होते. मुलांनो, कागद-पेन्सिल घ्या.

आम्ही पायऱ्या मोजल्या. (आमच्यातले निम्मे लोक इंजिनियर, पण इतक्या वर्षांत टेप कोणी लावली नव्हती.) प्रत्येक पायरी ७ इंच उंच, म्हणजे एकूण चढ २८ इंच. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे रॅम्पचा उतार जास्तीत जास्त १ : १२ असावा लागतो. १ इंच वर जायचे तर १२ इंच पुढे जायचे. म्हणजे २८ इंचांसाठी २८ फूट! शिवाय वर आणि खाली प्रत्येकी ५ फुटांचा सपाट ओटा हवा, कारण चढून आल्यावर थांबायला, दार उघडायला जागा लागते. बेरीज झाली ३८ फूट. आपल्या दारापासून साइडवॉकपर्यंत अंतर आहे फक्त १६ फूट.

हा १२ चा आकडा कोणाच्या तरी लहरीने आलेला नाही. समजा ७० किलोचा माणूस १५ किलोच्या खुर्चीत बसला आहे. एकूण ८५ किलो. १ : १२ उतारावर त्याला वर ढकलायला साधारण ७ किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. १ : ८ केला की तो साडेदहा किलोंवर जातो. आमच्यातल्या एकाने दुकानात घडीचा सहा फुटी अ‍ॅल्युमिनियमचा रॅम्प पाहिला होता. तो आपल्या पायऱ्यांवर टाकला तर ३३ किलोंचा जोर लागेल, आणि त्याआधीच खुर्ची मागच्या मागे उलटेल. असा रॅम्प एखाद्या उंबऱ्यासाठी किंवा एका बुटक्या पायरीसाठी ठीक. जागा अगदीच अपुरी असेल तर जुन्या इमारतींना नियमात थोडी सूट आहे, पण तीही इवलीशी: ६ इंचांपर्यंत चढ असेल तर १ : १०, आणि ३ इंचांपर्यंत असेल तर १ : ८. आपल्या २८ इंचांना तिचा काही उपयोग नाही.

लांबी कमी करता येत नाही, पण तिची घडी घालता येते. बोरघाटात किंवा आंबेनळी घाटात गाडी एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला वळत वर जाते, तसाच रॅम्प वळवायचा. १४ फूट जायचे, ५ फुटांच्या ओट्यावर वळायचे, परत १४ फूट यायचे. दाराच्या डावीकडे, भिंतीला लागून, २२ फूट लांबीचे गवत आहे. आम्हाला वाटले, जमले! पण दाराशी ५ फूट, मग १४, मग वळणाचा ओटा ५, म्हणजे २४ फूट झाले. दोन फुटांनी हुकले. तीन घड्या घातल्या तर लांबी साडेएकोणीस फुटांच्या आत बसते, पण रुंदी बारा फुटांच्या आसपास जाते आणि मधोमध जुने मेपलचे झाड येते. मुलांनी झाडाला हात लावू दिला नसता, आणि आम्हालाही तो धीर झाला नाही.

रॅम्प पायऱ्यांतूनच नेला तर? कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात रॉब्सन स्क्वेअर म्हणून जागा आहे. आर्थर एरिक्सन या वास्तुरचनाकाराने १९७० च्या दशकात तिथे रुंद पायऱ्यांतून तिरका, नागमोडी रॅम्प काढला. फोटोत तो फार देखणा दिसतो आणि वेगळी जागा मागत नाही. पण त्याचा उतार जास्त आहे, कडेला कठडा नाही, आणि अंधूक दिसणाऱ्या माणसाला पायरी कुठे संपते तेच कळत नाही, अशी टीका त्यावर झाली आहे. आमच्या मते ती रास्त आहे.

आता यंत्रे. पहिले म्हणजे उभी लिफ्ट. चार-पाच फूट औरसचौरस पाट, वर सरकतो आणि दाराच्या ओट्याला येऊन टेकतो. ३८ फुटांचे काम पाच-सहा फुटांत! वेग अगदी सावकाश, पण २८ इंचांना कितीसा वेळ लागणार? दुसरा प्रकार जिन्याच्या कठड्यालगत रुळावरून तिरका वर जाणारा पाट. काम नसले की तो भिंतीला घडी होऊन बसतो. अरुंद जिन्यावर मात्र तो उघडला की बाकीच्यांना जायला वाट उरत नाही. तिसरी असते ती जिन्यावरून सरकणारी खुर्ची. ती घरात म्हाताऱ्या माणसांना छान, पण व्हीलचेअर खालीच राहते; वर पोचल्यावर बसायचे कशात?

सगळ्यात गंमत वाटली ती रूप पालटणाऱ्या पायऱ्यांची. डेन्मार्कच्या लिफ्टअप या कंपनीचा फ्लेक्सस्टेप नावाचा जिना आहे. एरवी तो साधा जिना, बटण दाबले की त्याच्या पायऱ्या एका पातळीला येतात, सपाट पाट होतो, आणि तोच पाट माणसाला घेऊन वर जातो. ब्रिटनमध्ये सेसमी नावाची कंपनी आहे. तिच्या रचनेत पायऱ्या मागे सरकून आत जातात आणि त्यांच्या जागी खालून लिफ्ट प्रकटते. काम झाले की पायऱ्या पुन्हा बाहेर. जुन्या, वारसा म्हणून जपलेल्या इमारतींचे दर्शनी रूप बिघडवायचे नसते, तिथे ही युक्ती कामाला येते. कंपनीचे नाव वाचून आम्हाला अलीबाबाचे "तिळा तिळा, दार उघड" आठवले. मोठ्या गटाने गुहेच्या दाराचे यंत्र कसे असेल त्याचे चित्र काढून पाहावे.

यंत्रांची अडचण एकच, पण मोठी आहे. ती बंद पडतात, बर्फापावसात त्यांना जपावे लागते, आणि बऱ्याच इमारतींत मुलांनी खेळू नये म्हणून त्यांना कुलूप घालून किल्ली ऑफिसात ठेवतात. ऑफिस रविवारी बंद! नियमात एक फार महत्त्वाची अट आहे: असा पाट चालवायला माणूस ठेवावा लागता कामा नये, बसणाऱ्याला आपले आपण चढता, चालवता आणि उतरता आले पाहिजे. ही अट वाचली तेव्हा आम्हाला आजोबांचे जोडलेले हात आठवले.

हे नियम आले कुठून तेही मुलांना सांगायला हवे. १२ मार्च १९९० रोजी वॉशिंग्टनला संसदेच्या इमारतीसमोर मोठा मोर्चा गेला. त्यातल्या साठेक माणसांनी आपल्या व्हीलचेअर, कुबड्या खाली सोडल्या आणि ते हातांवर, कोपरांवर सरपटत संसदेच्या पायऱ्या चढले. त्यांत जेनिफर कीलन नावाची आठ वर्षांची मुलगी होती. आपल्या दुसरी-तिसरीतल्या मुलांएवढी. त्याच वर्षी २६ जुलैला थोरल्या बुश यांनी अपंगांच्या हक्कांच्या कायद्यावर सही केली. मात्र धार्मिक संस्थांना त्यातून वगळलेले आहे. आपली इमारत अशाच एका संस्थेची. तिथे अजून रॅम्प का नाही, याचे एक कारण हे असावे. मालकांना दोष देण्यात अर्थ नाही. पुण्या-मुंबईला आपल्या स्वतःच्या सोसायट्यांत लिफ्ट असते, पण लिफ्टपर्यंत पोचायला जोत्याच्या तीन पायऱ्या चढाव्या लागतात, त्याचे काय?

आमचे उत्तर शेवटी मागच्या दाराशी मिळाले. इमारत चढावर आहे, त्यामुळे मागे पार्किंगच्या बाजूला जमीन वर आलेली आहे. तिथे एक पायरी आणि उंबरा मिळून चढ फक्त ९ इंच. म्हणजे ९ फुटांचा रॅम्प आणि दाराशी ५ फूट औरसचौरस ओटा. दोन्ही भिंतीला लागून १४ फुटांत बसतात, आणि ती जागा सध्या कचऱ्याच्या पेट्यांनी अडवली आहे. चढ ६ इंचांहून जास्त असल्याने दोन्ही बाजूंना कठडा लागेल. दार आपल्याकडे ओढून उघडायचे असल्यामुळे मुठीच्या बाजूला १८ इंच मोकळी जागा हवी, तीही आहे. दार उघडल्यावर ३२ इंच वाट लागते, ती मात्र साडेतीस इंचच भरली. त्यावर उपाय स्वस्तातला निघाला: एक विशिष्ट प्रकारची बिजागरी असते, ती लावली की दाराची फळी वाटेतून पूर्ण बाजूला होते आणि तिच्या जाडीइतकी जागा सुटते. भिंत फोडायला नको.

एक पालक म्हणाल्या, "म्हणजे आपण सगळे पुढून मिरवत जाणार आणि आजोबांना कचऱ्याच्या पेट्यांमागून, स्वयंपाकघरातून आणणार?" प्रश्न बरोबर होता. पण जरा विचार करा, आपण सगळेच गाड्या मागे लावतो आणि पावसात वळसा घालून पुढच्या दाराला जातो. तेव्हा रॅम्प झाला की वर्गाचे दार तेच. पाटी तिथे लागेल, रांगोळी तिथे निघेल, बाबागाड्या आणि ढोलकी-पेटी तिथूनच आत जातील, आणि दाराला वर्ग सुरू असेपर्यंत कुलूप नसेल.

कचऱ्याच्या पेट्या हलवायला आणि बिजागऱ्या बदलायला मालकांनी होकार दिला आहे. लाकडी रॅम्पसाठी गावाचा परवाना लागेल. त्याचा नकाशा आम्ही काढला आहे आणि तो फळ्याशेजारी लावला आहे. पुढच्या रविवारी मोठ्या गटाने टेप आणि खडू घेऊन दहा मिनिटे लवकर यावे. मागच्या डांबरावर रॅम्प पुऱ्या मापाने आखायचा आहे. आजोबांना आम्ही फोन केला होता. ते म्हणाले, "आखून झाले की येतो. खुर्ची वळते की नाही ते मीच बघतो."